तुमच्यासारख्यांसाठी

कार्डावर छापलेलं सगळं ठीक होतं. खटकला तो खाली पेनानं लिहिलेला एकच शब्द. पुंडलिकराव ढगे कुठलाही कागद खालून वर वाचत. आधी सही, मग तारीख, मग शिक्का आणि सगळ्यात शेवटी माणसाचं नाव. सरकारी कचेरीत छाननीच्या टेबलावर तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरी कुठली पद्धत यायची? निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी दुधाच्या पिशवीवरचा मजकूरसुद्धा ते तळापासून वाचायचे. तसंच हे कार्ड त्यांनी खालून वाचायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला ठेचकाळले. ‘तुमच्यासारख्यांसाठीच हे केलंय, नक्की या. – शाल्मली.’ तुमच्यासारख्यांसाठी! म्हणजे कोणासारख्यांसाठी? आणि ही शाल्मली कोण? वर छापलं होतं, रविवारी सकाळी दहाला पवनार रस्त्यावरच्या सभागृहात शास्त्रीय गायनाची बैठक आहे. बैठकीत उठता येईल, फिरता येईल, आडवं पडता येईल, कान झाकता येतील, मधेच तोंडातून आवाज निघाला तरी चालेल. दिवे मंद असतील, माइक नसेल, टाळ्या नसतील. गर्दी, गोंगाट, उजेड ज्यांना सोसत नाही, ज्यांच्या मेंदूची घडणच वेगळी आहे, अशा श्रोत्यांसाठी. पाकिटावर श्री. व सौ. ढगे आणि घराचा पत्ता, अगदी गल्लीच्या नंबरासकट. पुंडलिकरावांनी दारातूनच एकदा आत पाहिलं. सुनीती, त्यांची बायको, पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. त्यांनी कार्ड सदऱ्याच्या खिशात सारलं आणि गुन्हा आपणच केल्यासारखे बाहेर पडले.

संशय घ्यायचा तर क्रमानं घ्यावा, या मताचे ते होते. पहिला नंबर शेजारच्या बंडोपंतांचा. निवृत्त शिक्षक, तबल्याचे शौकीन, वर्ध्यात कुठंही तानपुरा लागला की हे पुढच्या रांगेत. आर्वी नाक्यावर तर्रीपोह्यांच्या गाडीपाशी ते सापडलेच. ‘बंडोपंत, तुमी माझं नाव कुठं देलं काय?’ पुंडलिकरावांनी आडून विचारलं. ‘कसलं नाव?’ ‘गाण्याच्या कार्यक्रमाले.’ बंडोपंतांना हसताना ठसका लागला. ‘तुमचं नाव गाण्याला कोण देणार हो पुंडलिकराव? तुम्ही तर दारातूनच पळ काढता! वीस वर्षांत तुम्हाला खुर्चीवर टेकलेलं मी पाहिलं नाही. सायकल स्टँडशी उभे राहता, नाहीतर जनरेटरच्या मागे. मला तर वाटायचं, तुम्हाला मूळव्याध आहे.’ गाडीवाला हसला. पुंडलिकरावही हसल्यासारखे झाले. परत येताना मात्र त्यांच्या डोक्यात तेच फिरत राहिलं. म्हणजे लोक बघत होते तर. वीस वर्षं त्यांनी हिशेबानं अंधारी जागा निवडली आणि लोक तिथंही बघतच होते.

कार्डावर फोन नंबर होता. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी तो लावला. आवाज तरुण होता, मोकळा होता, आणि असल्या मोकळ्या आवाजांवर पुंडलिकरावांचा मुळीच विश्वास नव्हता. ‘हो काका, मीच शाल्मली! मिळालं का कार्ड? किती छान. येताय ना दोघं?’ ‘माझं नाव तुमच्यापाशी कसं आलं?’ ‘फॉर्म आलाय ना आमच्याकडे.’ ‘कोणी भरला?’ ‘काका, ज्यांनी भरला त्यांनीच ते सांगायचं असतं. आम्ही नाही सांगत. आमचा नियम आहे तसा.’ ‘मी कचेरीत होतो बाई, मले नियम नको शिकवू.’ ‘तुम्ही या तर खरं,’ ती म्हणाली, ‘तिथं तुम्हाला काही सिद्ध करावं लागणार नाही.’ फोन बंद करून ते बराच वेळ विजेच्या खांबापाशी उभे राहिले. सिद्ध करावं लागणार नाही असं कोणी म्हणालं की हमखास काहीतरी सिद्ध करायचं असतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

कारण त्यांच्या टेबलावर यायचे ते अर्जच तसले होते. सवलतीच्या पासाचे. आंधळे, बहिरे, ज्यांना दाखल्यात मतिमंद म्हणायची तेव्हा पद्धत होती ते. पुंडलिकरावांची कीर्ती अशी, की त्यांच्या हातून खोटा अर्ज सुटायचा नाही. बहिरेपणाचा दाखला घेऊन कोणी आला की ते त्याला पाठमोरा उभा करायचे आणि कागदावरचं पितळी वजन हळूच फरशीवर पाडायचे. दचकला की संपला. ‘त्रुटी’ असा लाल शेरा, आणि पुढचा. एकदा रोहण्याकडची एक बाई आपल्या थोरल्या पोरीला घेऊन आली होती. पोरगी टेबलाची कड पकडून नुसती पुढंमागं डोलत होती. ‘हे घरी शिकवून आणलं काय?’ असं ते म्हणाले होते आणि सगळं ऑफिस हसलं होतं. बाईनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि तीही थोडी डोलायला लागली. पोरीला बरं वाटावं म्हणून, की स्वतःला, कोण जाणे. ते आता का आठवावं? कोणीतरी त्यांची जुनी फाईल उघडली असणार. या बैठकीत आपणच पाठमोरे बसणार आणि मागून कोणीतरी काहीतरी पाडणार. बरं, आपण दचकू की नाही?

त्या दिवसापासून त्यांनी स्वतःचीच छाननी मांडली. आरामखुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि एकेक कागद काढायचे. आंजीच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, हे पोट्टं येडपट आहे, एकटंच बसते, चिंचोके मोजते. बरोबर. जेवताना भाजी वरणात गेलेली चालत नाही. बरोबर. चपला दाराशी जोडीनं, उजवी उजवीकडे, नाहीतर झोप लागत नाही. कचेरीत टाचणी कुणी हलवली की दिवस खराब. आणि गाण्याला आत बसवत नाही, हा तर बंडोपंतांनी भर नाक्यावर दिलेला पुरावा. पोराला, निशांतला, पुण्याला फोन करून सहज म्हणून विचारलं, ‘अरे, मेंदूची घडण वेगळी म्हणजे काय रे?’ तर तो म्हणाला, ‘बाबा, अशी खूप माणसं असतात. आपल्याला कळत नाही, आपण त्यांनाच नावं ठेवतो.’ ‘मोठ्या वयातबी असते?’ ‘असतंच की. आपल्या घरातही असेल.’ आपल्या घरात! पोरगाही सामील होता तर. पण गंमत अशी, की राग यायच्या ऐवजी त्यांना स्वतःची दया यायला लागली. असेलही. बासष्ट-त्रेसष्ट वर्षं आपण हे ओझं एकट्यानं वाहिलं, कोणाला कळलं नाही, बायकोलाही नाही, असं सारखं मनात यायचं. एका दुपारी त्यांनी आरशात बघून स्वतःला ‘बिचारा’ म्हटलं. बाप्पा, काय बरं वाटलं! आणि नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरात सुनीतीनं कुकर उचलून मागच्या व्हरांड्यातल्या शेगडीवर नेला. शिट्टी तिला घरात चालत नसे. एकतीस वर्षं हा कुकर आतून बाहेर, बाहेरून आत. तिचे नखरे म्हणजे अशी यादी की कागद पुरायचा नाही. नव्या ब्लाऊजच्या मानेशी शिवलेली पट्टी पहिल्या दिवशी कात्रीनं कापायची. लग्नाला जायचं तर वरात यायच्या आधी निघायचं. मिक्सर लावताना डोक्याला टॉवेल गुंडाळायचा. ‘अवं, जरा बसू दे मले शांत, इथं माणूस विचार करून राह्यला,’ ते आरशासमोरून ओरडले.

गाण्याला आत न बसण्याचं कारण शोधता शोधता ते त्या गणेशोत्सवापाशी आले. तिथं यायचं ते टाळत होते, पण छाननीत कागद सोडता येत नाही. लग्नाला तीन वर्षं झाली होती. सुनीती माहेरी रोहण्याला गाणं शिकलेली, तिचे वडील भजनीमंडळात पेटी धरायचे. पुंडलिकरावांनी साहेबांजवळ शब्द टाकला होता, माझी मिसेस गाते. ऑफिसच्या गणपतीत कार्यक्रम ठेवला. मांडव भरलेला, झालरी, चारशे चारशे वॉटचे दिवे, साहेबीणबाई पुढच्या सोफ्यावर. सुनीती पेटीशी बसली, तोंड उघडलं, आणि माइकनं अशी काही किंचाळी मारली की कुत्रीसुद्धा पळाली. लोकांनी कान दाबले आणि हसले. सुनीतीनं कान दाबले ते सोडलेच नाहीत. स्टेजवरच गुडघ्यात डोकं घालून ती गठुडं झाली. माइक नीट झाला, लोक गप्प झाले, साहेबीणबाई ‘उठा हो, काही नाही’ म्हणाल्या, पण ती हलेना. घशातून एकच बारीक सूर काढत राहिली. मग उठली, अनवाणी मांडवातून निघाली आणि तीन किलोमीटर चालत घरी गेली. पुंडलिकराव मागे राहिले. हात जोडून एकेकाची माफी मागत, ‘तब्येत बरी नाई तिची, माफ करा, माफ करा हं साहेब.’ घरी येऊन ते एकच वाक्य बोलले होते. ‘माणसांत राहायची लायकी नाई तुयी.’ त्यानंतर ती गायली नाही. आणि हेही बरोबर, की तेव्हापासून त्यांना गाण्याच्या मांडवात आत बसवलं नाही. कोणी ओळखेल, ‘हेच ते, ज्यांची बायको’ असं म्हणेल, म्हणून सायकल स्टँड. आरामखुर्चीत बसल्या बसल्या पुंडलिकरावांनी हाही कागद आपल्याच फाईलला लावला. एवढा मोठा धक्का बसल्यावर माणसाच्या मेंदूची घडण बिघडणार नाही तर काय होणार?

शुक्रवारी त्यांनी कार्ड सरळ तिच्यापुढं टाकलं. ‘हे काय आहे?’ सुनीतीनं कार्ड घेतलं नाही, नुसतं पाहिलं. ‘गाणं आहे.’ ‘ते मलेबी दिसते. तू कोणाले काही सांगितलं माह्याबद्दल?’ ‘तुमच्याबद्दल?’ ती म्हणाली, ‘तुमच्याबद्दल मी कोणाले काय सांगू?’ ‘खरं सांगजो.’ ‘खरंच सांगून राह्यली.’ तिच्या चेहऱ्याकडे ते अर्जदाराकडे बघावं तसं बघत राहिले. खोटं बोलणारा माणूस आधी पापणी लववतो. तिची लवली नाही. मग ती म्हणाली, ‘जायचं काय आपण?’ आणि तिच्या आवाजात असं काहीतरी होतं, की पुंडलिकरावांची खात्रीच पटली. हिला सगळं माहीत आहे. आपलं दुखणं हिनं ओळखलंय, आपल्याला जपतेय बिचारी. ‘जाऊ,’ ते उदार होऊन म्हणाले. ‘पण तिथं मी सरळ बसणार. शेवटपर्यंत. पाहतो कोण काय म्हणते ते.’ ती उठली आणि कपाटातून वापरून मऊ झालेलं सुती लुगडं काढून घडी मोडायला लागली.

रविवारी स्कूटरवरून जाताना पवनार रस्त्याला थंडीचं ऊन होतं, दोन्हीकडे तूर उभी होती. सुनीती मागे गप्प बसली होती, फक्त तिची बोटं त्यांच्या खांद्यावर एका लयीत वाजत होती. पुंडलिकरावांनी ते लक्षात घेतलं नाही. त्यांचं सगळं लक्ष आपण दारात पाय कसा ठेवायचा याकडे होतं. सभागृहाच्या दाराशी टेबल, टेबलाशी पंचविशीतली मुलगी, केस आखूड, गळ्यात ओळखपत्र. हीच शाल्मली. ‘काकू, या!’ ती हळू आवाजात म्हणाली. आधी काकू. बरं. तिनं सुनीतीला पांढरं कार्ड दिलं आणि कानाला लावायचे, आवाज अडवणारे जाड गोळे पुढं केले. मग पुंडलिकरावांना हिरवं कार्ड दिलं. त्यांनी खालून वाचलं. ‘श्रोत्याच्या वतीने कुणाची माफी मागू नये.’ त्याच्यावर, ‘श्रोता उठला तर मागे जाऊ नये.’ त्याच्यावर, ‘श्रोत्याला गप्प करू नये.’ आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरात, ‘सोबती’. ‘बाई, चूक झाली,’ ते कचेरीतल्या आवाजात म्हणाले, ‘हे माझं कार्ड नाई. पांढरं माझं.’ ‘नाही काका, बरोबर आहे.’ ‘फॉर्म दाखवा. मले फॉर्म पाह्यचा आहे.’ शाल्मलीनं सुनीतीकडे पाहिलं. सुनीतीनं होकारार्थी मान हलवली आणि त्यांची वाट न बघता चपला काढून आत गेली.

फॉर्म तिच्याच अक्षरात होता, रोहण्याच्या शाळेतलं गोल, टपोरं अक्षर. पुंडलिकराव खालून वर चढत गेले. सही, सुनीती ढगे. तारीख, दीड महिन्यापूर्वीची. ‘सोबत कोण येईल?’ पुंडलिक ढगे, पती. ‘तुम्हाला काय सोसत नाही?’ याच्या पुढं इतकं बारीक लिहिलं होतं की ओळ संपून कागदाच्या कडेनं वर गेली होती. शिट्टी, मिक्सर, बँड, ट्यूबलाइट, कपड्याची पट्टी, कोणी एकदम हात लावलेला, खूप माणसं एकदम बोललेली. ‘सोबत्याला याबद्दल काय माहीत आहे?’ तिथं तिनं लिहिलं होतं, ‘एकतीस वर्षे सोबत आहेत. त्यांना नखरे वाटतात.’ आणि सर्वांत वर, श्रोत्याचं नाव. पुंडलिकरावांना पहिला विचार आला तो असा, की आपल्याला फसवलं. दुसरा विचार यायला फार वेळ लागला नाही. त्यांना माहीत नव्हतं, हे खरं होतं का? कुकर बाहेर नेताना तिचे आवळलेले दात त्यांनी पाहिले नव्हते का? टॉवेलाखालचं तिचं तोंड? पाठमोरा माणूस दचकला की नाही हे ओळखणारा हा गडी, याच्या नजरेतून हे सुटलं म्हणायचं, की यानं कागद मुद्दाम तळाशी ठेवला? आपण आपल्यालाच ‘बिचारा’ म्हणत बसलो होतो, हे आठवून त्यांना लाज वाटली. खरी, कान तापवणारी लाज.

आत उजेड पडद्यांतून गाळून आलेला होता. वीस-पंचवीस माणसं असतील. कोणी खुर्चीवर, कोणी गादीवर, एक उंच तरुण भिंतीकडेनं सारखा येरझाऱ्या घालत होता, एक आजीबाई बोटांनी हवेत काहीतरी विणत होत्या. गायिका समोर खालीच बसली होती, तोडी राग आळवत. तंबोरा इतका हळू होता की आधी तो आहे हेच कळत नव्हतं. सुनीती गायिकेपासून हातभर अंतरावर उताणी पडली होती. गोळे काढून बाजूला ठेवलेले. कान तंबोऱ्याच्या बाजूला, डोळे मिटलेले, पावलं एकमेकांवर आपटत होती, डावीकडून उजवीकडे सगळं अंग हलत होतं. पुंडलिकरावांनी तिला अशी कधी पाहिली नव्हती. छप्पन वर्षांची बाई, लुगडं पिंढरीवर गेलेलं, चारचौघांत आडवी. ते भिंतीशी ताठ बसले. कोण बघतंय? ते एकेक तोंड तपासत गेले. कोणीच बघत नव्हतं, आणि तेच त्यांना जास्त संशयास्पद वाटत होतं. मग सुनीतीच्या घशातून सूर निघाला. शब्द नाही, नुसता सूर, जाडसर, वापरात नसलेला, पहिल्यांदा जरा खाली पडलेला. गायिका थांबली नाही. तिनं आपला सूर तिथंच धरून ठेवला आणि सुनीतीचा त्याला येऊन टेकला. दोघींचे आवाज एकत्र वर चढायला लागले, सुनीतीचा मोठा होत चालला, खूप मोठा. पुंडलिकराव कधी उठले त्यांचं त्यांना कळलं नाही. दोन्ही हात जोडलेले होते. त्या येरझाऱ्या घालणाऱ्या तरुणाकडे, आजीबाईंकडे, सगळ्या सभागृहाकडे वळून वळून त्यांचं तोंड आपोआप बोलत होतं, ‘माफ करा हं. तब्येत बरी नाई तिची. माफ करा.’

सूर तुटला. सुनीती उठून बसली. गायिकेनं एकटीनं ती ओळ पुन्हा घेतली, थांबून वाट पाहिली, आणखी एकदा घेतली. सुनीती गेली नाही सुरात. ती त्यांच्याकडे बघत होती. रागावली नव्हती. त्यांनी तिचा राग ओळखला असता. ती फार दमलेली दिसत होती. ‘आवो,’ ती साध्या आवाजात म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा, ‘तुमी बाहेर बसता काय?’ एकतीस वर्षांत तिनं त्यांच्याकडे कधी काही मागितलं होतं का, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. आठवेना. ‘बसतो,’ ते म्हणाले. जोडलेले हात सुटायला वेळ लागला.

बाहेर शाल्मलीनं त्यांना खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास दिला. त्यांनी पाणी घेतलं नाही. दार तिनं हळूच लोटून घेतलं. बराच वेळ आतून एकटी गायिकाच ऐकू येत होती. पुंडलिकराव गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाचीही चौकशी न करता नुसतं ऐकत होते. ती पुन्हा गाणार नाही, आपण संपवलं, दोनदा संपवलं, एवढंच त्यांना कळत होतं. रस्त्यावरून पवनारची बस गेली. आणि मग आतून आवाज आला. मोकळा, भरलेला, खालच्या पट्टीतला, कुठंही न अडखळणारा, एकटीचा. गायिका गप्प झाली होती आणि ही दुसरी कोणीतरी गात होती. पुंडलिकराव अस्वस्थ झाले. त्यांनी दाराकडे पाहिलं, टेबलावरच्या नावांच्या यादीकडे पाहिलं.

‘ही कोण आहे?’ त्यांनी शाल्मलीला विचारलं. ‘हिचं नाव कार्डावर नव्हतं. ही बाई कोण गाऊन राह्यली?’

शाल्मली त्यांच्याकडे बघत राहिली. ‘काका,’ ती म्हणाली, ‘काकू आहेत.’